पेग? आधी नंबर सांगा

गोळ्या आणि सिरपच्या वेष्टणावर मूळ औषधाखेरीज आणखी काय काय छापलेलं असतं ते वाचायची सवय लावा, असं गेल्या अंकात लिहिलं होतं. वाचकांनी ते फारच मनावर घेतलं. आलेल्या पत्रांतली निम्म्याहून अधिक एकाच नावाभोवती फिरताहेत: पॉलिएथिलीन ग्लायकॉल, म्हणजे पेग. काही वेष्टणांवर तेच ‘मॅक्रोगोल’ म्हणून छापलेलं असतं. माझी नोकरीची बहुतेक वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यात प्रथिनं शुद्ध करण्यात गेली. तिथे या पदार्थाने मला कामही खूप दिलं आणि डोक्याला तापही. तेव्हा हा महिना पेगचाच.

ताई, माझ्या वडिलांची (वय ७४) कोलोनोस्कोपी आहे. आदल्या दिवशी दोन लिटर पाण्यात कालवून प्यायची पावडर दिली आहे. पाकिटावर ‘पॉलिएथिलीन ग्लायकॉल’ वाचून धाकटा भाऊ म्हणतो, हे गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात तेच, आणि खोकल्याच्या औषधातून मुलं दगावली तेही हेच. आता बाबा पावडरीला हात लावायला तयार नाहीत. — एक वाचिका, मिरज

तुमच्या भावाने तीन वेगळ्या पदार्थांची गल्लत केली आहे. पण त्याला वेड्यात काढू नका, कारण तिघेही एकाच घराण्यातले आहेत.

रेडिएटरमधलं असतं ते एथिलीन ग्लायकॉल. अगदी छोटा रेणू, वजन ६२. पोटात गेला की यकृत त्याचं शेवटी ऑक्झॅलिक आम्ल करतं आणि त्याचे खडे मूत्रपिंडात साचतात. अशी दोन एककं जोडली की डायएथिलीन ग्लायकॉल, वजन १०६ (प्रत्येक जोडाला पाण्याचा एक रेणू, वजन १८, गळून जातो). मुलांचे जीव घेतले ते याने. गोडसर, घट्ट आणि स्वस्त असल्यामुळे ग्लिसरीनच्या किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉलच्या पिंपात ते भेसळ म्हणून शिरतं. अमेरिकेत १९३७ साली सल्फानिलामाइडचं सिरप सरळ त्यातच विरघळवून विकलं गेलं, शंभराहून जास्त माणसं मेली आणि पुढच्याच वर्षी तिथे औषधांचा नवा कायदा आला. आपल्याकडे १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात रुग्णांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये हेच निघालं. चौदा जण गेले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला. मी तेव्हा या धंद्यात नवी होते. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या कच्च्या मालाच्या गोदामात ग्लिसरीनच्या प्रत्येक पिंपाकडे सगळे संशयाने बघायचे. बघायलाच हवं होतं. आणि तरीही २०२२ साली गांबियात मुलांची मूत्रपिंडं त्याच विषाने बंद पडली.

बाबांच्या पाकिटात यातलं काही नाही. नीट पाहा, नावापुढे ३३५० किंवा ४००० असा आकडा असेल. तो रेणूचं सरासरी वजन सांगतो. साखळीत जोडलेल्या एका एककाचं वजन ४४ (६२ मधून गळलेलं पाणी वजा), म्हणजे ३३५० च्या साखळीत साधारण ७६ एककं झाली. एवढी लांब साखळी आतड्याच्या भिंतीतून जवळजवळ शोषली जात नाही आणि तिचे जोड तोडणारं एन्झाइम आपल्या पोटात नाही. ती पाणी धरून ठेवते आणि पाण्यासकट बाहेर पडते. पेगबद्दल कोणी काहीही सांगितलं तरी आधी नंबर विचारावा तो यासाठी. ४०० नंबरचं पेग पातळ असतं, डोळ्यांच्या थेंबांत आणि मऊ कॅप्सुलांत ते सापडेल. हजाराच्या पुढचं मेणासारखं घट्ट. लहान नंबरांच्या पेगमध्ये त्या दोन विषारी भावंडांचा अंश राहू शकतो, म्हणून औषधी दर्जाच्या पेगमध्ये त्यांची मर्यादा तपासावी लागते.

पूर्वी आतडं साफ करायला मॅनिटॉल नावाची साखर द्यायचे. तीही पाणी धरते, पण आतड्यातले जिवाणू ती खातात आणि हायड्रोजन वायू सोडतात. कोलोनोस्कोपी करताना गाठ काढायला विजेची ठिणगी लागते. पुढे काय होऊ शकतं ते तुमच्या लक्षात आलंच असेल. १९७९ साली आतड्यात असा स्फोट होऊन रुग्ण दगावल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. पेग जिवाणूंनाही पचत नाही. १९८० मध्ये टेक्सासमध्ये जॉन फोर्डट्रान आणि सहकाऱ्यांनी पेगमध्ये सोडियम सल्फेट आणि इतर क्षार अशा प्रमाणात मिसळले, की आतड्यातून शरीरात क्षार-पाणी फारसं शिरतही नाही आणि निघूनही जात नाही. पावडर खारट लागते ती त्या क्षारांमुळे. हृदय किंवा मूत्रपिंड अशक्त असलेल्या वयस्कर माणसाला हे मिश्रण इतर रेचकांपेक्षा सोसतं त्याचं कारण हा हिशेब. तरी बाबांना तसा काही आजार असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला. पाणी दिलेल्या मापानेच घ्या. द्रावण फ्रिजमध्ये गार करून द्या, खारटपणा कमी जाणवतो. ओकाऱ्या सुरू झाल्या किंवा पोट फुगून कडक झालं तर थांबा आणि फोन करा.

भावाला सांगा, पॉलिथिनची पिशवीसुद्धा वेगळी. तिच्या साखळीत ऑक्सिजन नाही, म्हणून ती पाण्यात विरघळत नाही. तो पुढे हेही विचारणार, म्हणून आधीच सांगून ठेवते.

मॅडम, माझ्या बहिणीला स्तनाच्या कर्करोगासाठी केमो चालू आहे. पांढऱ्या पेशी वाढवायला पहिल्या वेळी रोज एक इंजेक्शन असायचं. आता दर केमोनंतर एकच देतात, नाव पेगफिल्ग्रास्टिम. एक इंजेक्शन इतके दिवस कसं पुरतं? शिवाय कंबर आणि छातीचं हाड फार दुखतं म्हणते. — एक वाचक, नाशिक

रोजच्या इंजेक्शनमध्ये होतं ते फिल्ग्रास्टिम. अस्थिमज्जेला पांढऱ्या पेशी बनवायला सांगणारं प्रथिन, वजन सुमारे १८,८०० डाल्टन (रेणूंचं वजन याच मापात मोजतात). मूत्रपिंडाची गाळणी अल्ब्युमिनच्या आकाराची, म्हणजे ६६ हजारांच्या आसपासची प्रथिनं अडवते. त्याहून बरंच लहान असलेलं हे प्रथिन सहज निसटतं. साडेतीन तासांत रक्तातलं निम्मं गेलेलं असतं, म्हणून रोज टोचावं लागतं. बहिणीच्या नव्या इंजेक्शनमध्ये तेच प्रथिन आहे, फक्त त्याच्या एका टोकाला २० हजार डाल्टनची पेगची साखळी जोडली आहे. म्हणजे वजनाने अर्धं औषध, अर्धं पेग.

बेरीज केली तर जेमतेम ३९ हजार. मग गाळणीत अडकतं कसं? पेगचं प्रत्येक एकक दोन-तीन पाण्याचे रेणू धरून बसतं आणि साखळी सतत वळवळत असते. पावसात भिजलेलं घोंगडं पांघरलेला धनगर जसा अरुंद दारातून आत येऊ शकत नाही, तसं या प्रथिनाचं होतं. त्याच वजनाच्या साध्या प्रथिनापेक्षा ते पाण्यात कितीतरी मोठं वागतं. मूत्रपिंडाची वाट बंद झाली की उरते एकच वाट: ज्या पांढऱ्या पेशींसाठी हे औषध आहे, त्याच ते गिळून संपवतात. पेशी कमी आहेत तोवर औषध रक्तात राहतं, त्या वाढल्या की आपोआप कमी होतं. पेग जोडलेली कितीतरी औषधं मी पाहिली, पण इतकं चोख जमलेलं दुसरं नाही.

कंबर आणि छातीचं हाड दुखतं कारण मज्जा तिथेच कामाला लागलेली असते. हा त्रास नेहमीचा आहे. वेदनाशामक कोणतं घ्यायचं ते मात्र कर्करोगतज्ज्ञांनाच विचारा, कारण काही गोळ्या ताप झाकतात आणि केमोत ताप झाकला जाणं धोक्याचं. ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप गेला तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा. डाव्या बरगडीखाली किंवा डाव्या खांद्यात जोराची कळ आली तरी लगेच दाखवा. क्वचित प्लीहेला इजा होते. आणि हे इंजेक्शन केमोनंतर २४ तास उलटल्याशिवाय देत नाहीत. घरी यायला सोपं पडतं म्हणून ‘आजच उरकून टाका’ असा आग्रह धरू नका.

ही कल्पना कुठून आली तेही सांगते. न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठात फ्रँक डेव्हिस यांना प्रश्न पडला होता, की प्राण्यांची एन्झाइम माणसाला औषध म्हणून द्यायची तर शरीर ती परकी म्हणून हुसकून लावणार, मग ती लपवायची कशी? डेव्हिस आणि अब्राहम अबुचोव्स्की यांनी गाईच्या अल्ब्युमिनला आणि गाईच्या यकृतातल्या कॅटालेज या एन्झाइमला पेग जोडून पाहिलं. त्यांचे निबंध १९७७ चे. पहिलं औषध बाजारात यायला १९९० उजाडलं: जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेल्या, एडीए नावाचं एन्झाइम नसलेल्या मुलांसाठी गाईचं तेच एन्झाइम, पेग जोडून, आठवड्याला एक इंजेक्शन. पेगफिल्ग्रास्टिम २००२ चं. त्याचं पहिलं जैवसमरूप, म्हणजे दुसऱ्या कंपनीने बनवलेली तशीच आवृत्ती, अमेरिकेत २०१८ साली मंजूर झालं, त्यात बंगळूरची बायोकॉन होती. बहिणीला भारतात हे इंजेक्शन मिळतं आहे ते अशा कंपन्या या धंद्यात उतरल्यामुळे.

मॅडम, एम.एस्सी.च्या प्रकल्पात लायसोझाइम या एन्झाइमला ५ किलोडाल्टनचं (पाच हजार डाल्टनचं) एमपेग-एनएचएस जोडतो आहे. ट्रिस बफर, पीएच ७.४, रात्रभर चार अंशांवर. प्रथिनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर बहुतेक प्रथिन तसंच दिसतं. थोडंफार जोडलं गेलं ते १४ च्या जागी १९ किलोडाल्टनला दिसायला हवं, तर २५ च्या आसपास पसरट पट्टा येतो. आणि त्याची क्रिया जवळपास शून्य. गाइड म्हणतात रसायन खराब आहे, दुसरं मागवा. — एक विद्यार्थी, कोल्हापूर

मागवू नकोस, ते रसायन फार महाग असतं. आधी बफर ओत. एनएचएस गट म्हणजे पेगच्या टोकाचा प्रथिनाला चिकटणारा हुक. तो शोधतो मोकळं अमिनो टोक, आणि ट्रिसच्या प्रत्येक रेणूवर एक मोकळं अमिनो टोक आहे. तुझ्या लायसोझाइमवर सहा लायसिन (असं टोक असलेली अमिनो आम्लं) आणि साखळीचं एक टोक, अशा सात जागा. ट्रिस त्यांच्या कितीतरी पट जास्त. तुझं पेग रात्रभर ट्रिसला चिकटत बसलं. फॉस्फेट किंवा बोरेट घे, पीएच ८ ते ८.५. ट्रिस शेवटी वापर, उरलेलं एनएचएस संपवून प्रक्रिया थांबवायला.

दुसरं, रात्रभर कशाला? एनएचएस पाण्यातही मोडतो, आणि पीएच वाढवलास की आणखी लवकर. तास-दोन तासांत जे व्हायचं ते होऊन जातं. पावडर ऐनवेळी वजन करून कोरडीच घाल. आधी पाण्यात विरघळवून मग पिपेट शोधत फिरणारी मुलं मी भरपूर पाहिली आहेत. उणे वीसमधली बाटली बाहेर काढल्याबरोबर उघडलीस तर हवेतलं बाष्प आत जाऊन बसतं, आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात तर विचारूच नकोस. बंद बाटली डेसिकेटरमध्ये ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ दे, मगच झाकण काढ.

आता जेल. २५ ला दिसलं म्हणून घाबरू नकोस. पेगची साखळी जेलमधल्या एसडीएस या साबणाबरोबर प्रथिनासारखी वागत नाही, आणि फुगलेली असल्यामुळे जेलमध्ये हळू सरकते. पाच हजारांची साखळी दहा हजारांसारखी दिसणं नेहमीचंच. एक जेल बेरियम क्लोराइड आणि आयोडीनच्या द्रावणात बुडव. पेग असेल तिथे तपकिरी रंग येईल. मग तेच जेल धुऊन कुमासीत, म्हणजे प्रथिनाच्या रंगात टाक. दोन्ही रंग एकाच जागी दिसले की जोड झाला. नुसता तपकिरी असेल तर ते मोकळं पेग.

तुझा खरा रंजक भाग क्रियेचा आहे, आणि गाइडने तिकडे बघितलंच नाही. लायसोझाइमची क्रिया तू मायक्रोकॉकसच्या पेशी विरघळवून, गढूळपणा ४५० नॅनोमीटरवर मोजूनच पाहत असणार, सगळे तेच करतात. लायसोझाइम तोडतं ती जिवाणूची भिंत, आणि त्याच्या मानाने ती प्रचंड. पेगच्या साखळ्या मध्ये आल्या की एन्झाइम तिच्यापर्यंत पोचतच नाही. ते मेलं असं त्यातून सिद्ध होत नाही. छोट्या कृत्रिम सब्स्ट्रेटवर (एन्झाइमच्या खाद्यावर) मोजून बघ, बरीचशी क्रिया शाबूत निघण्याची शक्यता आहे. डेव्हिस यांनी निवडलेल्या कॅटालेजचं खाद्य हायड्रोजन पेरॉक्साइड, म्हणजे चार अणूंचा रेणू. तो पेगच्या जंगलातून आरामात आत जातो. ल्युकेमियात वापरतात त्या अॅस्पराजिनेजचंही तसंच, म्हणून ते पेग जोडूनही काम करतं. तुझ्या प्रबंधात दोन्ही सब्स्ट्रेटच्या आकड्यांचा तक्ता दे. नवीन रसायनाच्या बिलापेक्षा परीक्षक त्यावर जास्त वेळ बोलतील.

शिवाय बाटलीवर ‘एम’ आहे ना, हे एकदा बघ. तो मिथॉक्सी गट एक टोक बंद ठेवतो. दोन्ही टोकं उघडी असलेलं पेग सक्रिय केलेलं असेल, तर ते दोन प्रथिनांना एकमेकांत अडकवेल आणि जेलच्या वरच्या टोकाला सगळा गोंधळ अडकून बसेल.

ताई, मी न्यू जर्सीत राहते. बद्धकोष्ठतेसाठी इथे दुकानात मिळणारी पेग ३३५० ची पावडर घेतली आणि तासाभरात अंगावर गांधी उठल्या. आता फार्मसीत म्हणतात, करोनाची एमआरएनए लस घेण्याआधी अॅलर्जीतज्ज्ञांना दाखवा. पावडरीचा आणि लसीचा काय संबंध? मुलगी म्हणते, घाबरू नकोस, घेऊन टाक. — एक वाचिका

फार्मसीतल्या माणसाचं ऐका. मुलीवर रागावू नका, पण तिचं ऐकू नका.

संबंध असा. एमआरएनए लशीतला रेणू मेदाच्या सूक्ष्म कणांत गुंडाळलेला असतो. ते कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्या पृष्ठभागावर २००० नंबरचं पेग लावलेला एक मेद असतो. फायझरच्या मूळ मोठ्यांच्या डोसमध्ये तो ५० मायक्रोग्रॅम होता. तुम्ही घेतलेल्या पावडरीचा नेहमीचा डोस १७ ग्रॅम, म्हणजे तीन लाख पटींहून जास्त. पण ती आतड्यातून गेली, बहुतेक सगळी न शोषता. लस स्नायूत जाते, आणि तिथे पेग कणाच्या पृष्ठभागावर दाटीवाटीने उभं असतं. शरीराला ते वेगळं दिसतं. डिसेंबर २०२० मध्ये ब्रिटनमध्ये लसीकरणाच्या पहिल्याच दिवशी दोघांना तीव्र अॅलर्जी आली, तेव्हा सगळ्यांची बोटं पेगकडे वळली. पुढे दिसलं ते असं, की पहिल्या डोसला त्रास झालेल्या बहुतेकांना दुसरा डोस देखरेखीखाली सोसला. पेगची खरी अॅलर्जी दुर्मीळ आहे. पण दुर्मीळ म्हणजे तुम्हाला नाहीच, असं नव्हे.

‘पेग निष्क्रिय असतं’ हे वाक्य विक्रीच्या माहितीपत्रकांत अजून बिनधास्त छापतात, ते खोडून टाकायला हवं. पेगच्या विरोधातली प्रतिपिंडं माणसाच्या रक्तात असू शकतात हे १९८० च्या दशकातच दाखवलं गेलं होतं. २०१४ साली रक्त गोठू न देणाऱ्या पेग्निव्हाकोजिनची मोठी चाचणी तीव्र अॅलर्जीमुळे थांबवावी लागली, आणि त्या रुग्णांत पेगविरोधी प्रतिपिंडं आधीच होती. गाऊटसाठीच्या पेग्लोटिकेजचा गुण काही रुग्णांत थोड्याच डोसांनंतर जातो, तोही अशाच प्रतिपिंडांमुळे. टूथपेस्ट, क्रीम, गोळ्यांचं आवरण, सगळीकडे पेग असताना शरीराने त्याची ओळख ठेवली तर नवल नाही.

तज्ज्ञांकडे जाताना त्या पावडरीचा डबा घेऊन जा. त्याबरोबर काय खाल्लं होतं, दुसरी कुठली गोळी घेतली होती का, तेही लिहून न्या. पेग असलेल्या इतर कोणत्या वस्तू तुम्हाला निमूट चालतात, त्यांची यादी सर्वांत उपयोगी पडेल. घरी थोडीशी चाखून बघण्याचा प्रयोग मुळीच नको. त्वचेवरची चाचणीसुद्धा ते अगदी पातळ द्रावणापासून सुरू करतात, कारण चाचणीनेच काहींना जोराचा त्रास झाला आहे. आणि औषधांत, लशींत घालतात त्या पॉलिसॉर्बेट ८० बद्दलही विचारा. त्याच्याही अंगावर पेगच्याच साखळ्या असतात. भारतात तुमच्या नातेवाइकांनी घेतलेल्या कोविशील्डमध्ये पेग नव्हतं, पॉलिसॉर्बेट होतं.

डोकं बदलण्याच्या शस्त्रक्रियेत मज्जारज्जू पेगने जोडणार, असं एका व्हिडिओत पाहिलं. खरं का? — एक वाचक, परभणी

तो इटालियन शल्यचिकित्सक सर्जिओ कॅनाव्हेरो यांचा दावा. पेग पेशींची आवरणं एकमेकांत विरघळवतं, इथपर्यंत खरं आहे. कॅनडात काओ आणि मिचायलुक यांनी १९७४ मध्ये वनस्पतींच्या भिंत काढलेल्या पेशी अशा जोडल्या. एकसारखी (मोनोक्लोनल) प्रतिपिंडं बनवायला मिलस्टाइन आणि कोलर यांनी १९७५ मध्ये पेशी जोडण्यासाठी विषाणू वापरला होता, नंतर जगभरच्या प्रयोगशाळांनी त्याच्या जागी पेग आणलं. मीही ते केलं आहे: कोमट पेग थेंब थेंब, मिनिटभर, आणि लगेच धुवायचं, नाहीतर पेशी मरतात. गिनीपिगच्या चेचलेल्या मज्जारज्जूवरही अमेरिकेत पेगचे प्रयोग झाले आहेत. पण मज्जारज्जूत लाखो तंतू असतात. कुठला तंतू कुठल्याला जोडायचा, हे पेगला कळत नाही. व्हिडिओ बंद करा.

मॅडम, माझ्या मास स्पेक्ट्रममध्ये (रेणूंची वजनं दाखवणाऱ्या आलेखात) पेप्टाइडऐवजी, म्हणजे प्रथिनाच्या तुकड्यांऐवजी, ४४-४४ च्या अंतरावर शिखरांची रांगच रांग येते. कॉलम बदलला, तरी तेच. — एक पीएच.डी. विद्यार्थिनी, पुणे

४४ म्हणजे पेगचं एक एकक, तुझ्या नमुन्यात पेग शिरलं आहे. कॉलमला दोष देऊ नकोस. ट्रायटन किंवा ट्वीन हे प्रयोगशाळेतले साबण कुठे वापरलेस ते आधी बघ, त्या दोन्हींत हीच साखळी आहे. मग काचेची भांडी कोण धुतं आणि कशाने, ते विचार. यंत्राच्या बाटल्या साबणाने धुवायच्याच नाहीत, नुसत्या शुद्ध पाण्याने आणि मिथेनॉलने. तेही ठीक असेल तर नमुना न घालता, नुसतं द्रावक चालवून बघ, म्हणजे यंत्र की नमुना ते कळेल. नमुना निघाला, तर तो तयार करताना हाताला क्रीम लावलं होतं का ते आठव.